‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमके काय? चूक ऑपरेटरची की स्क्रीनची?

बँकेचा काउंटर असो, रुग्णालयाची बिलिंगची खिडकी असो की महाविद्यालयाचे कार्यालय, एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘सिस्टीम घेत नाही.’ रांगेतला माणूस वैतागतो, समोरचा कर्मचारी ओशाळतो, बाजूच्या टेबलावरचा अनुभवी सहकारी येऊन दोन-तीन बटणे दाबतो आणि काम होते. कर्मचाऱ्याला संगणक नीट येत नाही, असे म्हणत सगळे घरी जातात.

बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो. सर्व्हर चालू असतो, माहितीही बरोबर असते. कोणता रकाना भरायचा राहिला, कोणते बटण दाबले की काय होईल, हे स्क्रीनच सांगत नसते. आपली बरीच कामे आता मोबाइलवर होत असली, तरी आपल्या खात्याची, बिलाची, पॉलिसीची किंवा गुणपत्रिकेची नोंद आजही कुणीतरी डेस्कटॉप संगणकावरच करत असते. म्हणूनच डेस्कटॉप सॉफ्टवेअरची स्क्रीन कशी असावी, हा केवळ प्रोग्रॅमरांचा प्रश्न राहत नाही. ती कशी असावी याचे लेखी नियम गेली जवळपास चार दशके उपलब्ध आहेत. ते पाळले नाहीत तर काय होते, याचे एक उदाहरण २०२० मध्ये साऱ्या जगाने पाहिले.

९० कोटी डॉलर चुकून कसे गेले?

११ ऑगस्ट २०२०. अमेरिकेतील सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपनीच्या कर्जावरील व्याज कर्जदात्या संस्थांना पाठवायचे होते. रक्कम होती सुमारे ७८ लाख डॉलर. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशांतून संपूर्ण मुद्दलही गेले. एकूण रक्कम झाली सुमारे ९० कोटी डॉलर.

घाईत एक शून्य जास्त पडले, असा हा प्रकार नव्हता. व्यवहार तीन टप्प्यांतून गेला होता. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची आणि तिसऱ्याने मंजूर करायची. यातील पहिले दोन टप्पे भारतात बसलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे होते, तर अंतिम मंजुरी अमेरिकेतील अधिकाऱ्याकडे. तिघांनीही स्क्रीन पाहिली आणि तिघांनाही सगळे बरोबर वाटले.

गोम होती तीन चौकटींत. मुद्दल बँकेबाहेर न जाता आतल्या आत एका खात्यात वळवायचे असेल, तर ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ या तिन्ही चौकटींवर टिक करून प्रत्येकीसमोर त्या अंतर्गत खात्याचा क्रमांक टाकणे आवश्यक होते. कर्मचाऱ्यांनी फक्त ‘प्रिन्सिपल’समोर टाकला. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. मुद्दल वळवायचे आहे, तर त्या चौकटीत खाते दिले की झाले, असा साधा समज. ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ ही नावे वाचून त्यांचा मुद्दलाशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनात येईल?

पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचे का, असा इशारा सॉफ्टवेअरने दिला होता. पण किती पैसे, हे त्यात नव्हते. व्याजाची रक्कम बाहेर जाणारच होती, त्यामुळे इशारा त्याबद्दलच असावा, असे वाटणे स्वाभाविक होते.

पुढे प्रकरण न्यायालयात गेले. काही संस्थांनी पैसे परत केले, पण सुमारे ५० कोटी डॉलर अडकले. ते परत मिळणार नाहीत, असा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. न्यायालयापुढचा प्रश्न स्क्रीनच्या रचनेचा नव्हता. चुकून गेलेले पैसे परत मागता येतात का, हा होता. तरीही निकालाच्या कागदपत्रांमुळे ती स्क्रीन जगापुढे आली.

या सॉफ्टवेअरचे नाव ‘फ्लेक्सक्यूब’. ते घडवणारी आय-फ्लेक्स ही कंपनी सिटीच्याच भारतातील उपकंपनीतून मुंबईत उभी राहिली आणि नंतर ओरॅकलच्या ताब्यात गेली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या यशोगाथांत तिचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. जगभरच्या बँकांचे हिशेब अचूक ठेवणारे सॉफ्टवेअर इथे बनू शकते. पण हिशेब अचूक असला तरी तो माणसाच्या हाती देणारी स्क्रीन कोड्यात बोलत असेल, तर सगळी अचूकता वाया जाते.

हे नियम कोणी लिहिले?

चित्रे, खिडक्या आणि माउस असलेला संगणक आधी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आला. १९८१ मध्ये झेरॉक्सने ‘स्टार’ बाजारात आणला. त्यानंतर ॲपलचा ‘लिसा’ १९८३ मध्ये आणि ‘मॅकिंटॉश’ १९८४ मध्ये आला. प्रत्येक प्रोग्रॅमरने आपापल्या मनाने बटणे आणि मेन्यू काढले, तर वापरणाऱ्याला प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने शिकावे लागेल, हे तेव्हाच लक्षात आले होते. ॲपलने आपली ‘ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्स’ १९८७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आयबीएमने ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाची नियमावली आणली. मदतीसाठी एफ१ आणि खिडकी बंद करण्यासाठी ऑल्ट-एफ४ ही आज अंगवळणी पडलेली बटणे त्या नियमावलीची देणगी आहे. विंडोज ९५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तक काढले. लिनक्सवरील ‘नोम’ या मुक्त प्रकल्पाने २००२ मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

यातील बरेचसे नियम खोलीत बसून सुचलेले नाहीत, ते माणसांना संगणकापुढे बसवून पाहिल्यावर सापडले आहेत. लिसाच्या वेळचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. आज जिथे ‘ओके’ लिहिलेले असते, तिथे तेव्हा ‘डू इट’, म्हणजे ‘हे कर’, असे बटण होते. चाचणीसाठी बोलावलेला एक जण त्यावर वैतागला. त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधली जागा नीट दिसत नव्हती आणि इंग्रजी कॅपिटल ‘आय’ हे ‘एल’सारखे दिसत होते. त्याने ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मूर्ख’, असे वाचले आणि हा संगणक मला मूर्ख का म्हणतोय, असे विचारले. त्यानंतर बटणावर ‘ओके’ आले.

या चाचण्या घेणाऱ्यांत लॅरी टेस्लर होते. कट, कॉपी आणि पेस्टची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांपैकी ते एक. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले असेल. त्यांनी दिलेल्या सोयी मात्र जगभरातले कोट्यवधी लोक रोज वापरतात.

या नियमांत असते काय?

अनेक नियम आपल्या रोजच्या नजरेसमोर आहेत, फक्त ते नियम आहेत हे माहीत नसते.

मेन्यूतील तीन टिंबे : काही आदेशांपुढे तीन टिंबे असतात, काहींपुढे नसतात. टिंबे असतील तर क्लिक केल्यावर लगेच काही घडणार नाही, आधी आणखी माहिती विचारली जाईल, असा त्याचा अर्थ. ‘प्रिंट’पुढे टिंबे असतील तर निर्धास्त क्लिक करावे, किती प्रती, कोणता प्रिंटर हे विचारले जाईल. टिंबे नसतील तर कागद थेट बाहेर येऊ शकतो.

फिकट पडलेला आदेश : जो आदेश या क्षणी चालणार नाही, तो मेन्यूतून गायब करू नये, फिकट करावा. जागा तीच राहिली की हाताला सवय लागते आणि ‘ही सोय आहे, पण आत्ता नाही’ हेही कळते.

बटणावर क्रियापद : विंडोज एक्सपीपर्यंत नोटपॅड बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ या प्रश्नाखाली ‘येस’, ‘नो’ आणि ‘कॅन्सल’ अशी बटणे असत. त्यानंतरच्या विंडोजमध्ये तिथे ‘सेव्ह’ आणि ‘डोन्ट सेव्ह’ आले. प्रश्न न वाचता फक्त बटण वाचले तरी काय होणार ते कळते. घाईत माणूस प्रश्न वाचत नाही, हे गृहीत धरून केलेली ही सुधारणा आहे.

बटणांचा क्रम : विंडोजमध्ये ‘ओके’ डावीकडे आणि ‘कॅन्सल’ उजवीकडे असते. मॅकवर मुख्य बटण सर्वात उजवीकडे असते. कोणता क्रम चांगला यावर वाद घालता येईल. पण ज्या संगणकावर सॉफ्टवेअर चालणार आहे तिथला क्रम पाळावा, यावर मतभेद नाहीत. एकच स्क्रीन दोन्हीकडे जशीच्या तशी वापरली, की एका बाजूच्या लोकांचा हात चुकणारच.

वेळेचे भान : ०.१ सेकंदात उत्तर आले तर काम लगेच झाले असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते. त्यामुळे काम जास्त वेळ चालणार असेल तर किती झाले, किती उरले हे दाखवावे आणि ते थांबवण्याची सोय द्यावी. याकोब निल्सन या तज्ज्ञांनी रूढ केलेली ही मर्यादा जुन्या प्रयोगांवर आधारलेली आहे आणि संगणक कितीही वेगवान झाले तरी ती बदललेली नाही. कारण ती यंत्राची नसून माणसाची आहे.

फक्त रंगावर भिस्त नको : चूक लाल, बरोबर हिरवे एवढ्यावर थांबू नये, सोबत चिन्ह किंवा शब्द असावा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांची संख्या कमी नाही.

‘खात्री आहे का?’ हा प्रश्न का चालत नाही?

सिटी बँकेच्या प्रकरणात इशारा होता, तरी तो कामी आला नाही. असाच प्रकार १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईत घडला. क्षेपणास्त्र येत असल्याचा आपत्कालीन संदेश तिथल्या नागरिकांच्या मोबाइलवर गेला. तो खोटा असल्याचे मोबाइलवर कळवायला ३८ मिनिटे लागली. तोपर्यंत लोक मुलाबाळांना घेऊन निवारा शोधत फिरत होते.

संदेश पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचा सरावालाच खरा हल्ला समजण्यात घोटाळा झाला होता, असे चौकशीत पुढे आले. पण चौकशीने सॉफ्टवेअरवरही बोट ठेवले. सरावाचा संदेश असो की खरा, पाठवण्यापूर्वी विचारला जाणारा खात्रीचा प्रश्न शब्दशः एकच होता. संदेश एकट्याच्या हाताने जाऊ शकत होता. चुकीचा इशारा मागे घेण्यासाठी तयार मजकूरही नव्हता.

रोज ५० वेळा ‘खात्री आहे का?’ विचारले की ५१ व्या वेळी माणूस उत्तर देत नाही, त्याचे बोट देते. म्हणून मार्गदर्शक तत्त्वे दोन गोष्टी सांगतात. पहिली, जमेल तिथे प्रश्न विचारण्याऐवजी केलेले काम मागे घेण्याची सोय द्या. कंट्रोल-झेड आणि रिसायकल बिन ही त्याची परिचित रूपे. दुसरी, जे मागे घेताच येणार नाही तिथे प्रश्न विचारा, पण त्यात काय होणार आहे ते स्पष्ट लिहा. ‘पैसे बँकेबाहेर जातील’ आणि ‘८९ कोटी ४० लाख डॉलर बँकेबाहेर जातील’ या दोन वाक्यांत फरक फक्त एका आकड्याचा आहे. तो आकडा संगणकाला माहीत होता. त्याने तो सांगितला नाही, एवढेच.

चूक सांगावी कशी?

विंडोज ९५ च्या काळात संगणक वापरलेल्यांना एक संदेश नक्की आठवत असेल. प्रोग्रॅम अचानक बंद पडताना त्याने ‘इल्लीगल ऑपरेशन’, म्हणजे बेकायदा कृती, केल्याचे सांगितले जाई. आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय, असे वाटून घाबरणारे तेव्हा होते. पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या नियमावलीत असे शब्द टाळायला सांगितले. चांगल्या संदेशात तीन गोष्टी हव्यात, असे ती सांगते : काय बिघडले, का बिघडले आणि आता काय करायचे.

हा निव्वळ सौजन्याचा मुद्दा नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग दिला. काही रुग्ण त्यात दगावले. मूळ दोष प्रोग्रॅममध्ये होता. सरावलेल्या ऑपरेटरने नोंद भरभर दुरुस्त केली, की यंत्राची आतली मांडणी आणि स्क्रीनवरची नोंद यांचा मेळ तुटत असे. पण टेक्सासमधील घटनेत अशा वेळी स्क्रीनवर काय आले? ‘मालफंक्शन ५४’. बस्स. ५४ म्हणजे काय, हे ऑपरेटरला कळण्याची सोय नव्हती. किरकोळ कारणांनी यंत्र असे आकडे दाखवून थांबणे नेहमीचेच होते आणि एक बटण दाबले की उपचार पुढे चालू होत असे. त्यामुळे ते बटण दाबले गेले आणि रुग्णाला पुन्हा मात्रा बसली.

आज आपल्या कार्यालयांतील सॉफ्टवेअरमध्ये ‘एरर कोड’ एवढेच सांगणाऱ्या चौकटी पाहिल्या, की या घटनेपासून आपण किती शिकलो असा प्रश्न पडतो. तिथे जीव जात नाही हे खरे. पण कुणाचा तरी अर्ज, कुणाचे तरी पेन्शन, कुणाचा तरी प्रवेश त्या आकड्यापाशी अडतो.

मराठी स्क्रीनवर काय बिघडते?

सॉफ्टवेअर मराठीत आणले की वापरायला सोपे होते, असे मानले जाते. भाषांतर करताना स्क्रीनचा विचार झाला नसेल, तर उलटेच घडते.

समजा, एका खिडकीत प्रश्न आहे : ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणे आहेत : ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता अर्ज रद्द करायचा असेल तर कोणते बटण दाबायचे? इंग्रजीतल्या ‘कॅन्सल’चे मराठीकरण शब्दकोशाप्रमाणे अचूक आहे, पण वापरणाऱ्याचा अर्ज जाऊ शकतो. इथे ‘अर्ज रद्द करा’ आणि ‘अर्ज राहू द्या’ अशी बटणे हवीत. बटणावर क्रियापद असावे, हा वर सांगितलेला नियम इथे थेट उपयोगी पडतो.

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीत ‘डिलीटेड’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. मराठीत फाइल हटवली जाते, फोटो हटवला जातो आणि चित्र हटवले जाते. प्रोग्रॅमरने नाव एका ठिकाणाहून आणि क्रियापद दुसऱ्या ठिकाणाहून उचलून वाक्य जोडले, की ‘फाइल हटवले’ असे मराठी तयार होते. तुकडे जोडून वाक्य बनवू नका, अख्खे वाक्य भाषांतराला द्या, असे नियमावल्या सांगतात, ते याचसाठी.

तिसरी अडचण अक्षरांच्या उंचीची. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे असतात. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या बटणात ‘पूर्ण’चा रफार किंवा ‘सुरू’चा उकार छाटला जातो. ठरावीक रुंदीच्या रकान्यात शब्द अर्ध्यावर तुटतो. चौकटीचे माप मजकुराप्रमाणे बदलू द्यावे, हा जुनाच नियम आहे.

चौथी अडचण आकडे आणि तारखांची. भारतीय डोळ्यांना १,००,००,००० हे एक कोटी म्हणून लगेच ओळखू येते. तीच रक्कम दर तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम देऊन दाखवली तर शून्ये मोजावी लागतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे सॉफ्टवेअर कुठे बनले यावर ठरत असेल, तर चुका होणारच. संगणकात भारतासाठीची मांडणी तयार असते. प्रोग्रॅमने ती वापरायची, स्वतःची ठोकून बसवायची नाही, एवढेच अपेक्षित आहे.

मग नियम पाळले का जात नाहीत?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. त्यांचा पहिला युक्तिवाद असा, की कार्यालयीन सॉफ्टवेअर प्रशिक्षित लोकांसाठी असते. रोज तेच काम करणाऱ्याला मोठी बटणे आणि मोकळी जागा नको असते. एका स्क्रीनवर जास्तीत जास्त माहिती आणि कीबोर्डवरून चालणारे झटपट काम हवे असते. यात तथ्य आहे. मोबाइलसाठी बोटाच्या मापाची बटणे लागतात. ॲपल किमान ४४ पॉइंटचे माप सांगते. माउसचे टोक बारीक असते, त्यामुळे डेस्कटॉपवर तेवढी गरज नसते. मोबाइलची रचना उचलून डेस्कटॉपवर टाकणे हीसुद्धा चूकच. पण गच्च भरलेली स्क्रीन आणि न कळणारी स्क्रीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फ्रंट’ आणि ‘फंड’च्या चौकटींपुढे बसलेले कर्मचारी प्रशिक्षितच होते.

दुसरा युक्तिवाद, नियमांमुळे नावीन्य मारले जाते. नियम मोडायला हरकत नाही, पण त्याची किंमत कोण मोजते ते पाहावे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढले. १७ वर्षांची सवय एका दिवसात मोडली आणि संगणक बंद कसा करायचा, हे लोक एकमेकांना विचारू लागले. २०१३ मध्ये विंडोज ८.१ सोबत बटण परत आले, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत स्टार्ट मेन्यूही आला. मायक्रोसॉफ्टला हे परवडले. एखाद्या सहकारी बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांवर नवी स्क्रीन एका सोमवारी सकाळी लादली जाते, तेव्हा त्यांना मागे जाण्याची सोय नसते.

खरे कारण वेगळे आहे. असे सॉफ्टवेअर विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. खरेदीच्या वेळी सोयींची यादी तपासली जाते : अमुक अहवाल निघतो का, तमुक नोंद होते का. नवख्या माणसाला ती नोंद किती मिनिटांत, किती चुका करून जमते, हे कुणी तपासत नाही. वापरणाऱ्याचे मत विचारले जात नाही आणि चूक झाली की मात्र त्याचेच नाव पुढे येते. प्रोग्रॅमरही त्याला कधी भेटलेला नसतो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत डेटाबेस आणि अल्गोरिदमवर जितका वेळ जातो, त्याच्या तुलनेत आपण बनवलेल्या स्क्रीनपुढे एखाद्या अनोळखी माणसाला बसवून गप्प राहून पाहण्यावर किती जातो, हे कोणत्याही अभियंत्याला विचारून पाहावे.

काय करता येईल?

उपाय महागडे नाहीत. निल्सन यांनी वर्षानुवर्षे मांडलेला मुद्दा असा, की पाच माणसांना बसवून पाहिले तरी स्क्रीनमधले बहुतांश ठळक दोष बाहेर येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, एक संगणक आणि मधे न बोलण्याचा संयम एवढे पुरते. त्या पाच जणांत काउंटरवर बसणारी व्यक्ती हवी, तिचा साहेब नको.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये आला आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांसाठी भारतीय मानक ब्युरोचे सुगम्यतेचे मानकही आले. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या निविदांतही अशाच नेमक्या अटी हव्यात. सगळे काम माउसशिवाय करता आले पाहिजे, चुकीच्या प्रत्येक संदेशात पुढचे पाऊल सांगितलेले हवे, मागे न घेता येणाऱ्या कृतीपूर्वी रक्कम आणि नाव दिसले पाहिजे आणि मराठी मजकूर मराठी वाचणाऱ्याकडून स्क्रीनवर तपासलेला हवा. चार अटींना चार ओळी पुरतात.

प्रोग्रॅमरसाठी तर सर्वात सोपे काम वाचनाचे आहे. ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि नोम या तिघांचीही मार्गदर्शक तत्त्वे इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ज्या संगणकासाठी काम करतो आहोत त्याची नियमावली एकदा पूर्ण वाचली, तर बरीचशी स्क्रीन विचार न करताही बरोबर बनते. नियम मोडायचाच असेल तर निदान कोणता नियम मोडतो आहोत, हे माहीत असते.

वापरणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यायला हवी. स्क्रीन अडली की तिचा फोटो काढून, काय करायला गेलो आणि काय झाले हे दोन ओळींत लिहून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे पाठवावे. ‘मलाच जमत नाही’ असे म्हणून गप्प बसले, की तो दोष कुणाच्याच यादीत चढत नाही आणि पुढच्या टेबलावरच्या माणसालाही तिथेच अडावे लागते.

पुढच्या वेळी काउंटरवर ‘सिस्टीम घेत नाही’ ऐकू आले, तर समोरच्या कर्मचाऱ्यावर चिडण्याआधी एक विचारून पाहावे : स्क्रीनवर नेमके काय लिहून आले आहे? बऱ्याचदा कर्मचारी मॉनिटर आपल्याकडे वळवतो आणि त्यावरचे वाक्य आपल्यालाही कळत नाही. चूक कोणाची, हे तिथेच स्पष्ट होते.